एक्केचाळीस खळगे

रबाळ्याच्या मागे, खाणीने अर्धा खाल्लेल्या डोंगरावर
एक सपाट कातळ आहे, दोन खाटांएवढा.
त्याला सर्व्हे नंबर नाही.
मी शोधला. माझं कामच ते.

त्यावर एका रेषेत काढलेला मासा आहे,
शेपटीपाशी रेषा तुटलेली.
हात वर केलेला एक माणूस, किंवा झाड.
आणि खळगे, वाटाण्यापासून वाटीपर्यंत.
क्रशरची धूळ बसली की ते जास्त नीट दिसतात,
कोणी पीठ चाळून ठेवल्यासारखे.

पुण्याहून आलेल्या तळवलकर बाईंनी
ब्रशने धूळ झाडली, पट्टी ठेवली,
मला बटर पेपर धरायला लावला.
'हे लिपीच्याही आधीचं असेल,' त्या म्हणाल्या,
शेजारी कोणी आजारी झोपलंय अशा आवाजात.
मी खळगे मोजले. एक्केचाळीस.
पेन्सिलीखाली मासा हळूहळू कागदावर आला
आणि मला वाटलं, अरे, हा तर निवटा!
आमच्या खाडीच्या चिखलात अजून सरपटतो,
केमिकलच्या नाल्याला वळसा घालून.

तेवढ्यात चांगुणा मढवी वर आली.
एका हातात अंडं, कनवटीला हळदीची पुडी.
तिने आम्हाला काही विचारलं नाही.
चपला काढल्या,
कडेच्या तीन खळग्यांत चिमूट चिमूट हळद टाकली
आणि मगच माझ्याकडे पाहिलं.
'तू भोईराचा ना? मंग तुला म्हाईत पायजे.
यो माजे सासूचा. शेताची नोटीस आली त्या वरसाचा.
यो मिठागर बुजवला तवाचा.
आन यो धाकला, यो माजा.
घराला लाल नंबर टाकला, तोरायला, तवा खनला.'

'आणि मुलगा गेला तेव्हा?' मी विचारलं.
विचारायला नको होतं.
ती अंडं कातळावर ठेवत होती,
ते घरंगळू नये म्हणून खाली खडा सरकवत होती.
'आपले घरचा दुख दगराला नाय सांगाचा,' ती म्हणाली.
'गावाचा सांगाचा.'

तळवलकर बाईंची पेन्सिल थांबली होती.
त्यांनी वहीत लिहिलं: तीन खळगे अलीकडचे, मूळ रचनेस बाधा.
मग त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिल्या.
खोडली नाही. पुढेही काही लिहिलं नाही.
'बरं, मग बाकीचे अडतीस कोणाचे?'
चांगुणा हसली. मिश्रीने काळे झालेले दात.
'त्यांनाबी नोटिसा आल्या असतील.'

खाली सुरुंगाचा भोंगा झाला.
आम्ही तिघं सवयीने बसलो, कान झाकून.
कातळ पोटातून हलला,
आणि अंडं जागचं हललं नाही.

माझ्या आज्याची शेती आता एका रंगाच्या कारखान्याखाली आहे.
बापाकडे प्रकल्पग्रस्ताचा दाखला होता, लॅमिनेट केलेला,
साडेबारा टक्क्यांची वाट बघत पिवळा पडला.
आम्ही कोण, हे विचारलं की
आमच्या घरात कपाट उघडायचे.
कातळाकडे कोणी बोट दाखवलं नाही मला.
की दाखवलं होतं, आणि मी तेव्हा
इंग्रजी शाळेचा टाय सरळ करत होतो?

सोमवारी ऑफिसात खाणीच्या वाढीव हद्दीचा नकाशा आला.
लाल रेघ माशाच्या तुटक्या शेपटीवरून जाते.
जागेवर काय आढळले, या रकान्यात
आधीच्या दोन्ही मोजण्यांत एकच शब्द आहे: पडीक.
मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.
लिहिलं: वहिवाट चालू.

साहेबांनी चष्मा वर केला.
'वहिवाट? कोणाची?'

तो रकाना अजून कोरा आहे.
नावं लिहायला जागा दीड इंच दिली आहे.